नानांचं नाव सांगा

"कुठंबी अडलं तर माझं नाव सांगा," हे वाक्य नानांनी ज्याला कधी ऐकवलं नाही असा माणूस मला वारज्यात भेटलेला नाही. दवाखान्यात नंबर लागत नसो, शाळेत पोराला घेत नसोत, गॅसची टाकी येत नसो, नानांकडे सगळ्यावर हा एकच इलाज. समोरचा माणूस नानांना ओळखतो की नाही, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. आपल्याला कुणी ओळखत नसेल हा विचारच त्यांच्या डोक्याला शिवत नसे.

मी एकदा हा इलाज करून पाहिला. बिबवेवाडीत माझ्या मेव्हण्याची शेगडी एका दुकानदाराने दुरुस्तीला घेतली होती आणि तो रोज 'उद्या या' म्हणून टोलवत होता. मी जाऊन म्हणालो, "वारज्याच्या नानांनी पाठवलंय." त्याने मान वर न करता विचारलं, "कोण नाना?" मी घर, गल्ली, सगळं सांगितलं. "अस्सं," तो म्हणाला, "मग आपण असं करा, नानांनाच सांगा शेगडी दुरुस्त करायला." घरी येऊन मी हे नानांना जसंच्या तसं ऐकवलं. जरा ओशाळतील, अशी माझी अपेक्षा. नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "नवा असंल त्यो. त्याच्या बापाला म्हाईत असणार."

मी मूळचा पेठेतला. आमच्याकडे कुणी जुनी ओळख सांगत दारात आला, तर 'काय काम काढलंत?' असं विचारून मगच त्याला पाणी देतात. पेठेत परवडेना म्हणून आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हा माझी मुलगी मुक्ता पहिलीत होती. इमारत नानांच्या शेतावर उभी राहिलेली. जमीन बिल्डरला देताना नानांनी तळमजल्याचं घर, वरची गच्ची आणि नदीच्या अंगाचं थोडं रान तेवढं स्वतःकडे ठेवलं होतं. आम्ही सामान उतरवत होतो तोवर त्यांनी साऱ्या इमारतीला सांगूनही टाकलं, की बँकेचे मॅनेजर राहायला आलेत. मी बँकेत कारकून होतो. तसं मी त्यांना दोनदा सांगितलं. "असू द्या वो," नाना म्हणाले, "मानसाची वळख करून देताना हात आखडता घेऊ नाय." मग जन्मभर मी त्यांचा म्यानेजरच राहिलो.

यामागे त्यांचा एक हिशेब होता आणि तो गावाचा हिशेब होता. गावात परका माणूस आला की त्याला विचारायचं, कुणाकडं उतरलास. तो कुणाचं तरी नाव सांगणार. मग त्या नावाचे धनी पुढे येऊन म्हणणार, आमचा हाय. किती वर्षं आमच्यात आहे, काय काम करतो, कुणाच्या सुखदुःखाला उभा राहिला, हे सगळं सांगणार. जितकी वर्षं जास्त, जितकं काम जास्त, तितका माणूस पक्का. हा हिशेब नानांच्या गावात पिढ्यान्पिढ्या चुकला नव्हता. गाव महापालिकेत गेलं, शेतावर पार्किंग आलं, तरी नानांचा हिशेब तोच राहिला.

बिल्डरकडून मिळालेला पैसा घरात असतानाही नाना आठवड्यातून दोनदा मंडईला जात. रानातली मेथी, शेपू, कोथिंबीर यांच्या जुड्या बांधायच्या, पोतं बसमध्ये टाकायचं आणि एका जुन्या ओळखीच्या गाळ्याशेजारी बसून विकायच्या. मुलगा चिडायचा. लोक काय म्हणतील, म्हणायचा. नाना म्हणायचे, "लोक म्हंतील नाना आला." आणि खरंच, मंडईत लोक तसं म्हणत. त्यांचं नाव जिथे खरोखर चालत असे अशी पुण्यात ती एक जागा होती.

इंग्रिड आली ती पाठीवर पिशवी आणि पायात जाड बूट अशी. बाई स्वीडनची, पन्नाशी उलटलेली, योगासनं शिकायला पुण्यात आलेली. कुणीतरी तिला गच्चीवरची खोली दाखवायला आणलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लगेच खाली आले. "नाना, फॉरेनची बाई आहे. गच्चीवर काय काय करेल, आपण कुणाकुणाला तोंड द्यायचं?" नाना म्हणाले, "तिला तोंड मी देतो. तुमी आपल्या घरात बगा." ते नाव काही नानांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिला इंदू केलं. पहिल्या दिवाळीला काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, तिला हातात तबक देऊन नानांसमोर बसवलं आणि तिने नानांना ओवाळलं. नानांना सख्खी बहीण नव्हती. त्या दिवशी ते इमारतभर कपाळावरचं कुंकू दाखवत हिंडले.

योगासनं कधी सुटली ते कुणाला कळलं नाही. इंदू काकींबरोबर रानात जायला लागली. खुरपायला शिकली, जुड्या बांधायला शिकली आणि मराठी शिकली. मराठी अर्थातच काकींची. "या की, च्या घ्या," म्हणून ती गच्चीतून हाक मारायची. आमच्या सौभाग्यवतींना ते कानाला टोचे. एकदा त्या म्हणाल्या, "इंदूताई, 'हाय' नाही, 'आहे' म्हणावं." इंदूने शांतपणे विचारलं, "काकी हाय म्हन्ती. काकी चुकती?" आमच्याकडे त्यानंतर भाषाशुद्धीचा विषय निघाला नाही. पुढे ती नानांबरोबर मंडईतही बसायला लागली. गोरी बाई मेथी विकतेय म्हणून गर्दी व्हायची, आणि नाना प्रत्येक गिऱ्हाइकाला, विचारलेलं नसताना, सांगायचे, "आमची भन हाय."

एकदा गच्चीवर वाटाणे सोलता सोलता मी तिला विचारलं, की तुमच्या गावी जायचं मनात येत नाही का. तिने शेंग सोलून पूर्ण केली आणि मग म्हणाली, "तिकडं नवरा हुता, सोडून गेला. घर हुतं, मी इकलं. आता तिकडं काय बी न्हाई. हाय ते हितं." इतकं सरळ मला माझ्या घराबद्दलही सांगता आलं नसतं.

पण सरकारच्या लेखी ती पर्यटक होती. पर्यटकाने यावं, देवळं-किल्ले बघावेत आणि परत जावं. तिच्या परवान्यावर सलग सहा महिन्यांच्या वर राहता येत नसे. मात्र सहा महिने भरायच्या आत देशाबाहेर जाऊन आलं की पुन्हा सहा महिने मिळत. विमानाने स्वीडन गाठण्यापेक्षा नेपाळची हद्द सोपी. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून जीपने सरहद्दीवरचं गाव, तिथे भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का, कमानीपलीकडे नेपाळचा शिक्का, तिकडे थोडे दिवस मुक्काम आणि मग उलट शिक्के मारत परत. असं वर्षातून दोनदा. आमच्या इमारतीत या फेरीला 'सहामाही' म्हणत. "सहामाही आली वाटतं जवळ," सेक्रेटरी जिन्यात म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

प्रत्येक खेपेला नाना तिच्याबरोबर जात. बाईमाणूस एकटी कशी जाईल, हे एक कारण. दुसरं असं, की त्यांना त्यात विशेष काही वाटतच नव्हतं. त्यांनी उभा जन्म शहराच्या वेशीवर जकात भरत भाजी आणली होती. "नाक्यावर पावती फाडायची आन् यायचं," म्हणायचे. शिवाय त्यांना स्वतःला कुणी अडवत नसे. कमानीखालून ते नेपाळात असे जायचे, की रस्ता ओलांडून पान खायला निघालेत.

इंदूचं मात्र तसं नव्हतं. सरहद्द जवळ आली की ती काकींनी भरलेल्या हिरव्या बांगड्या साबण लावून उतरवायची, रुमालात गुंडाळून नानांकडे द्यायची. कुंकू पुसायची, मोठी टोपी घालायची, गळ्यात कॅमेरा अडकवायची. त्या कॅमेऱ्यात रीळ नसायचं. खिडकीपाशी गेल्यावर म्हणायची, "टूरिस्ट. ताजमहाल. गोवा." आणि नानांना तिची सक्त ताकीद असे, की तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसायचं, आत यायचं नाही. नानांना या सोंगाचा मनस्वी राग होता. "ताजमहाल कवा बघिटलास गं तू?" ते तिला विचारायचे. "आपल्या घरात ऱ्हातीस आन् पाव्हणी म्हनून सांगतीस?" ती म्हणायची, "नाना, तसंच सांगायचं असतं." नाना टपरीवर बसायचे, पण तोंड कडू करून.

शेवटच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो. नुकताच निवृत्त झालो होतो, लुंबिनी बघायची होती, आणि नाना म्हणाले, "चला की म्यानेजर, विंग्रजीला हुईल कुणीतरी." जाताना सगळं नेहमीसारखं झालं. पलीकडे चार दिवस राहिलो, लुंबिनी पाहिली आणि सकाळी परत कमानीपाशी आलो. इंदूने बांगड्या उतरवून नानांना दिल्या. नाना टपरीवर बसले. मी इंग्रजीची सोय म्हणून तिच्याबरोबर आपल्या बाजूच्या कचेरीत गेलो.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता. चांगला मुलगा होता, हे आधीच सांगतो, कारण त्याच्यावर राग काढणं फार सोपं आहे. तो तिच्या पासपोर्टची पानं उलटत होता. शिक्क्यांवर शिक्के, पान भरून शिक्के. "आप भारत में रहती हैं?" त्याने विचारलं. "नो, टूरिस्ट," इंदू म्हणाली. मग ताजमहाल झाला, गोवा झालं. त्याने तिला बाकावर बसायला सांगितलं आणि कुणाला तरी फोन लावला. फोन लागेना. त्याने शाईची डबी उघडून ठेवली होती, शिक्का तिच्यावर टेकवून ठेवला होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मला आजही वाटतं, त्याने कंटाळून शिक्का मारला असता. आमच्या मागे रांग वाढत होती.

पण वेळ लागला, आणि बाहेरून नानांना दारातून इंदू दिसली. ती चष्मा काढून डोळे पुसत होती. नाना उठले. मी त्यांना दारातच गाठलं, दंड धरला, म्हणालो, "नाना, होतंय काम. आपण बाहेर थांबा." नाना म्हणाले, "ती रडतीया आन् मी च्या पिऊ?" त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ते थेट टेबलासमोर जाऊन उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, सत्तरीचा माणूस. अधिकारी उठून उभा राहिला. त्याने खुर्ची पुढे केली. "बैठिए बाबूजी. आप इनके कौन?"

"साब, ये हमारी भन है," नाना म्हणाले. "मानलेली है, पन सख्खी के ऊपर."

"अच्छा? कब से जानते हैं इनको?"

"आठ साल से हमारे घर में रैती. ज्यादा होएंगा, कमी नै."

मी खोकलो. मी त्यांची बाही ओढली. नानांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला इतक्या वर्षांत न दिसलेली ऐट होती. एक अधिकारी खुर्ची देऊन आपल्याला ओळख विचारतोय. शेवटी त्यांचं नाव चालत होतं.

"और करती क्या हैं ये?" अधिकाऱ्याने विचारलं. अगदी अदबीने.

"क्या नै करती वो पूछो! खेत में काम करती. मेथी, शेपू, सब निकालती. हमारे साथ मंडई में बैठके बेचती. हमारी बायको के गुडघे चोळती."

"नाना, गप बसा," इंदू बाकावरून हळूच म्हणाली.

"तू बोलू नगंस. मी हाय न्हवं?" नाना म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमाल सोडून त्या हिरव्या बांगड्या त्यांनी टेबलावर, पासपोर्टच्या शेजारी ठेवल्या. "ये देखो. हमारी बायको ने भऱ्या. तुमकू दिखाने को शरमाती, इसलिए उतारती."

"तो फिर टूरिस्ट तो नहीं हुईं."

"टूरिस्ट कौन बोला?" नाना तडकले. "टूरिस्ट-बिरिस्ट कुछ नै. घर की है. वारजे में आके किसी को भी हमारा नाव बताओ."

अधिकाऱ्याने शिक्का उचलून बाजूला ठेवला आणि शाईची डबी मिटली. "बाबूजी," तो म्हणाला, "हम भी सुबह से यही पूछ रहे थे."

नंतर तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, आणि नीट बोलला. इथे राहणाऱ्याला, काम करणाऱ्याला पर्यटक म्हणून घेता येत नाही. काठमांडूला जावं, योग्य प्रकारचा व्हिसा मागावा. मी मान हलवली. योग्य प्रकार कुठला, ते मी विचारलं नाही, कारण तो नव्हताच. नोकरीचा व्हिसा असतो, शिक्षणाचा असतो, लग्नाच्या बायकोचा असतो. मानलेल्या बहिणीचा नसतो. एक शिपाई इंदूला कमानीकडे घेऊन निघाला, आणि नाना बांगड्या गोळा करत मला म्हणाले, "झालं नव्हं? आता शिक्का कुठं मारत्यात?"

ते मला सांगावं लागलं. "नाना, तिला आत घेत नाहीत."

"का?"

"ती इथं राहते म्हणून."

 "ऱ्हाती म्हनून घेत न्हाईत?" नानांनी विचारलं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, शब्द मोडून मोडून म्हटलं आणि मला विचारलं, "असं कसं आसंल?" त्या क्षणी मला जगातल्या सगळ्या कचेऱ्यांचा जितका संताप आला, तितका नोकरीतल्या साऱ्या वर्षांत आला नव्हता. आणि कुणाचं काही चुकलेलंही नव्हतं. नियम बरोबर होता, पोरगा सभ्य होता, नाना अक्षर न् अक्षर खरं बोलले होते.

नाना धावत कमानीपलीकडे गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. इंदू तिकडच्या फुटपाथवर आपल्या पिशवीवर बसली होती. मला वाटलं ती चिडेल, निदान रडेल. तिने फक्त टोपी काढली आणि हात पुढे केले. "बांगड्या द्या, नाना." नानांना त्या चढवता येईनात, दोन फुटल्या. उरलेल्या तिने स्वतः चढवल्या. आता त्या लपवायचं कारण उरलं नव्हतं.

काठमांडूत नाना आणि मी तिच्याबरोबर राहिलो. अर्ज केला, माझ्या इंग्रजीचा होता नव्हता तेवढा उपयोग केला, आणि अर्ज नामंजूर झाला. मग आम्ही दोघे तिला तिथे ठेवून परत फिरलो. रेल्वेत नाना खिडकीशी बसून होते. गोरखपूरच्या स्टेशनवर घेतलेल्या पुऱ्या गार होऊन गेल्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. मनमाड मागे पडल्यावर ते पहिल्यांदा बोलले. "म्यानेजर, मी काय खोटं बोललो?"

"नाही, नाना."

"जास्तीचं काय बोललो?"

"नाही."

"मग?" म्हणाले. मी बँकेतला मराठी आणि इंग्रजी दोन्ही जाणणारा माणूस, पुऱ्यांचा पुडा पुन्हा बांधत बसलो. 

इमारतीत बातमी आमच्या आधी पोचली होती. सेक्रेटरी म्हणाले, "चला, गच्ची मोकळी झाली." त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "नानांचं नाव तिकडे चाललं नाही वाटतं." बोलणाऱ्याला नाना खांबापलीकडे उभे आहेत हे ठाऊक नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पुण्यात असं वाक्य सुचल्यावर ते गिळणारा माणूस विरळा. नानांनी ते ऐकलं, चपला घातल्या आणि रानाकडे निघून गेले. पुढे मुलाने गच्चीवरची खोली पाडून मोबाइलचा टॉवर बसवला, तेव्हा नानांनी इंदूची खुरपी तेवढी खाली आणून ठेवली.

त्या दिवाळीला नाना एकटे नेपाळात गेले. इंदू काठमांडूहून सरहद्दीपर्यंत आली. लॉजच्या खोलीत, तिथल्याच जेवणाच्या ताटात निरांजन लावून तिने त्यांना ओवाळलं. हे मला काकींनी सांगितलं, नानांनी नाही. तिथे किती दिवस काढणार? ती स्वीडनला परत गेली, म्हाताऱ्या माणसांसाठी असतात तसल्या एका इमारतीत एक खोली मिळवून राहिली. मधूनमधून फोन यायचा. मेथी कशी हाय, काकीचं गुडघं कसं हाय, एवढंच विचारायची. थंडीबद्दल कधी बोलली नाही. मग एका दिवाळीला फोन आला नाही. आम्ही लावला तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ काही सांगितलं. आम्हाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण काय झालंय ते कळलं. नाना रिसीव्हर कानाला लावून तो आवाज बंद होईपर्यंत ऐकत राहिले.

मंडईला जाणं त्यांनी त्याआधीच सोडलं होतं. पण त्याहून मला जाणवलं ते वेगळं. इमारतीत कुणाचं काही अडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तरी नाना आता काही सुचवत नसत. मान खाली घालून ऐकत आणि म्हणत, "बगा, जमंल तसं." लोकांना बरं वाटलं. म्हातारा सुधारला, म्हणाले. मला त्यांची ती जुनी फुशारकी इतकी आठवायची, की एकदा मी मुद्दाम म्हणालो, "नाना, पाण्याच्या टँकरवाल्याला तुमचं नाव सांगू का?" ते म्हणाले, "कशाला? भरतंय ते पानी बी बंद हुईल."

मुक्ताला परदेशात नोकरी लागली तेव्हा पासपोर्टसाठी चौकशीला एक हवालदार आला. आम्ही घरी नव्हतो. त्याने रीतीप्रमाणे शेजारी विचारलं, आणि पहिलं दार लागलं नानांचं. वर राहणाऱ्या मुलीला ओळखता का, किती वर्षांपासून ओळखता, वागणूक कशी आहे. ज्या मुलीला त्यांनी खांद्यावर बसवून मंडईचा गणपती दाखवला होता, जी त्यांच्या ओसरीवर पाढे पाठ करून मोठी झाली, तिच्याबद्दल नाना हवालदाराला म्हणाले, "मी वळखत न्हाई."

आम्ही परत आलो तेव्हा हवालदार जिन्यातच उभा होता. "अहो, तळमजल्यावरचे आजोबा तर ओळखत नाही म्हणतात!" मग वरच्या मजल्यावरच्या दोघांनी सह्या दिल्या आणि काम झालं. पण मी संतापलेला होतो. तसाच खाली उतरलो. "नाना, काय हे? मुक्ताला आपण ओळखत नाही?"

नाना कॉटवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्यानेजर, एकदा वळख दिली. एकीचं घर गेलं."

 काकींनी आतून पाणी आणून दिलं, ते प्यायलो आणि वर आलो. मुक्ताला यातलं काही सांगितलं नाही.

जायच्या दिवशी ती नमस्काराला खाली गेली. मी दारात होतो. नाना तोपर्यंत फार थकले होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, आणि तिची त्यांची ती शेवटची भेट ठरली. ती वाकली तेव्हा त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "येते नाना," ती म्हणाली.

"ये," नाना म्हणाले. "तिथं कुणी साहेबानं इचारलं, तर पाव्हणी हाय म्हन. चार दिसांनी जानार म्हन. आन् कुणाच्या वळखीची, असं इचारलं ना, तर माझं नाव सांगू नगंस."